कोराडीत सौर इंधन करायचे, तर आधी रात्रीचा हिशोब मांडा

प्रति,
महानिर्मितीचे व्यवस्थापन आणि राज्याचा ऊर्जा विभाग

प्रत : नागपुरातील व्हीएनआयटी, नीरी आणि एलआयटी येथील संशोधक

विषय : कार्बन डायऑक्साइडपासून सौर इंधन बनवणाऱ्या प्रायोगिक संयंत्रात सूर्यास्तानंतरच्या तासांचे नियोजन

महोदय,

महानिर्मितीच्या कोराडी येथील कोळशावरच्या वीज केंद्राच्या आवारात रोज एक टन मिथेनॉल बनवणारे छोटे संयंत्र उभे राहावे, अशी आमची मागणी आहे. कच्चा माल कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, ऊर्जा सूर्याची. मागणीसोबत एक अटही आहे : निविदेचा मसुदा लिहिताना पहिले पान रात्रीसाठी ठेवा. दिवसा हे रसायनशास्त्र चालते, हे जगात ठिकठिकाणी सिद्ध झालेले आहे. प्रकल्प बुडतो तो संध्याकाळी साडेसहानंतर.

आकडे आधी मांडतो, कारण पुढचे सगळे त्यांच्यावरच उभे आहे. एक टन मिथेनॉलला सूत्रानुसार १.३७५ टन कार्बन डायऑक्साइड आणि १८९ किलो हायड्रोजन लागतो. प्रत्यक्षात फिरत्या वायूतला थोडा भाग सतत बाहेर सोडावा लागतो, म्हणून १.४५ टन आणि २०० किलो धरा. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला आजच्या चांगल्या इलेक्ट्रोलायझरला (विजेने पाणी फोडणाऱ्या संचाला) सुमारे ५३ युनिट वीज लागते, म्हणजे २०० किलोला १०,६०० युनिट. कंप्रेसर, पंप, हीटर आणि कंट्रोल मिळून आणखी हजारेक. बेरीज सुमारे साडेअकरा हजार युनिट होते, आणि हाती येणाऱ्या टनभर मिथेनॉलमध्ये साडेपाच हजार युनिट ऊर्जा असते. निम्म्याहून थोडी जास्त ऊर्जा वाटेतच जाते. हे मान्य करूनच पुढे जायचे आहे.

आता हेच संयंत्र रात्री ग्रीडच्या विजेवर चालवले तर काय होईल? देशाच्या ग्रीडची सरासरी एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. साडेअकरा हजार युनिटमागे आठ टन. म्हणजे दीड टन वायू वापरायला आठ टन वायू सोडायचा. कोळशाच्याच विजेवर चालवले तर हा आकडा अकरा टनांच्या आसपास जातो. आणि वापरलेला दीड टनसुद्धा मिथेनॉल जळले की परत हवेत जातो. मग या उद्योगाला इंधननिर्मिती म्हणायचे कशाला?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या केली. एक किलो हायड्रोजनमागे बारा महिन्यांच्या सरासरीने दोन किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड नको. ग्रीडच्या विजेवर हाच आकडा ३७ किलो येतो. त्रैराशिक मांडा : एकूण विजेपैकी जेमतेम साडेपाच टक्के वीज ग्रीडची आली की मर्यादा संपली. 'रात्री थोडीशी ग्रीडची घेऊ' हे वाक्य बैठकीत सहज बोलले जाते, पण त्या 'थोडीशी'ची जागा एवढीच आहे. दिवसा सौर वीज ग्रीडला देऊन रात्री ती कागदावर परत घेण्याची सोय हिशोबाला बरी दिसते. पण रात्री दोन वाजता त्या तारेतून येते ती शेजारच्याच बॉयलरची वीज.

म्हणून पहिली विनंती. राज्यात विजेचे शेड्युलिंग पंधरा मिनिटांच्या ९६ ब्लॉकमध्ये होते आणि तुमच्या लोड डिस्पॅचच्या (वीजवाटप नियंत्रणाच्या) माणसांना ते तोंडपाठ असते. प्रत्येक ब्लॉकमध्ये इलेक्ट्रोलायझरने घेतलेली वीज आणि त्याच ब्लॉकमध्ये सौर पॅनेलने दिलेली वीज यांची जुळणी हीच अट निविदेत घाला. मासिक किंवा वार्षिक बेरीज चालवून घेऊ नका. युरोपीय संघही २०३० पासून तासागणिक जुळणी मागणार आहे. आपल्याकडे पंधरा मिनिटांची मीटरव्यवस्था आधीपासून आहे, ती वापरायला काय हरकत आहे?

मग रात्री संयंत्र चालणार कशावर? साठवण्यासारख्या गोष्टी पाच : वीज, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, उष्णता, आणि संशोधनपत्रांत सध्या गाजत असलेले पदार्थात साठवलेले इलेक्ट्रॉन. पाचही सारख्या नाहीत.

विजेपासून सुरुवात करू. इलेक्ट्रोलायझर चोवीस तास सारख्या गतीने चालवायचा तर तो साडेचारशे किलोवॉटचा पुरतो, पण चांगले ऊन सातच तास धरले तर उरलेल्या सतरा तासांसाठी साडेसात हजार युनिट बॅटरीत लागतात आणि भरण्या-काढण्यात दहा ते पंधरा टक्के जातात. एवढी महागडी वीज साठवून तिचा पुन्हा हायड्रोजनच करायचा असेल, तर दिवसाच हायड्रोजन करून तो का ठेवू नये? आमचे मत स्पष्ट आहे : बॅटरी इलेक्ट्रोलायझरसाठी नको. कंप्रेसर, कंट्रोल रूम, हीटर आणि इलेक्ट्रोलायझरचा राखण-प्रवाह (बंद काळात त्याला जपणारी थोडीशी वीज) यांचा रात्रीचा भार २५ ते ३० किलोवॉटचा असतो. त्यासाठी ६०० युनिटची बॅटरी पुरे, पण ती हवीच.

राखण-प्रवाहाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण अनेक प्रस्तावांत तो दिसतच नाही. अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरमध्ये ३० टक्के कॉस्टिक पोटॅशचे द्रावण ७० ते ८० अंशांवर फिरत असते. संध्याकाळी वीज अचानक काढून घेतली की दोन्ही बाजूंना साचलेला हायड्रोजन आणि ऑक्सिजन त्या संचाला काही काळ बॅटरीसारखे वागवतात. प्रवाह उलटा वाहू लागतो आणि निकेलच्या इलेक्ट्रोडची पृष्ठे गंजून झिजतात. रोज एक संध्याकाळ म्हणजे वर्षाला ३६५ वेळा. वीज केंद्रातला संच वर्षातून फार थोड्या वेळा बंद होतो. इथे बंद होणे हा रोजचाच धर्म आहे, त्यामुळे काही किलोवॉटचा क्षीण प्रवाह रात्रभर चालू ठेवणे स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट ढगांची. अल्कलाइन संच पूर्ण क्षमतेच्या वीस टक्क्यांच्या खाली नेला की ऑक्सिजन कमी बनतो, पण पडद्यातून झिरपणारा हायड्रोजन तेवढाच राहतो. ऑक्सिजनच्या नळीत त्याचे प्रमाण चढू लागते. चार टक्क्यांवर ते मिश्रण पेट घेऊ शकते, म्हणून दोन टक्क्यांवर संच आपोआप ट्रिप होतो. श्रावणातल्या एखाद्या दुपारी असे ट्रिप वारंवार होतात, आणि थंड झालेला संच परत लायनीवर यायला पाऊण तास घेतो. उपाय असा : दोन मेगावॉटचा एकच संच घेण्याऐवजी पाचशे किलोवॉटचे चार घ्या. ऊन कमी झाले की एकेक संच बंद करत जायचे, जो चालू राहील तो भरपूर लोडवर. पीईएम जातीचा, म्हणजे द्रावणाऐवजी घन पडदा वापरणारा इलेक्ट्रोलायझर ढगांशी चांगले जुळवून घेतो. पण त्याला इरिडियम लागते आणि पाण्याची चालकता १ मायक्रोसीमेन्सच्याही खाली ठेवावी लागते. एक संच त्या जातीचा घेतला, तर दोन्हींची तुलना नागपूरच्याच हवेत करता येईल.

आता हायड्रोजनची साठवण, जिच्यावर आमचा खरा भर आहे. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे मिथेनॉल करणारा रिॲक्टर चोवीस तास एकाच गतीने चालला तर तो तासाला ८.३ किलो हायड्रोजन खातो. सतरा तासांना १४१ किलो. हायड्रोजन २०० बारला (हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट) भरायचा आणि रिॲक्टर ६० बारला चालवायचा, म्हणजे सिलिंडरचा दाब ७० बारपर्यंत उतरेतो मधल्या कंप्रेसरशिवाय वायू आपणहून जातो. ४७ लिटरच्या एका सिलिंडरमधून असा ०.४२ किलो हायड्रोजन वापरात येतो. साडेतीनशेच्या जवळपास सिलिंडर लागतील.

इथे एक तडजोड करता येते आणि ती करावी. रात्री रिॲक्टर चाळीस टक्क्यांवर न्या. रोजचा एक टन टिकवायचा तर दिवसाचा वेग तासाला ७२ किलो मिथेनॉलपर्यंत वाढवावा लागेल, म्हणजे रिॲक्टर पावणेदोन पट मोठा. पण रात्रीची हायड्रोजनची गरज १४१ वरून ९९ किलोवर येते आणि शंभर सिलिंडर वाचतात. उत्प्रेरक १२० लिटरऐवजी २०० ते २१० लिटर भरावा लागतो. शंभर सिलिंडर, त्यांचे व्हॉल्व्ह, जोडण्या आणि दर पाच वर्षांची दाबचाचणी यांच्यापुढे तो खर्च लहान आहे. गळती नेहमी जोडावरच होते. जोड जितके कमी तितकी रात्रीच्या शिफ्टची झोप शांत.

साठवणीची जागा ठरवताना नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ तापलेले दिवस लक्षात ठेवा. ३० अंशांना २०० बारला भरलेले सिलिंडर टिनाच्या बंद शेडमध्ये ६५ अंशांपर्यंत तापले, तर आतला दाब सव्वादोनशेच्या जवळ जातो. तिन्ही बाजू उघड्या ठेवा आणि छताच्या कण्यावर सलग हवाझरोका द्या. हायड्रोजन हलका आहे, तो वर जातो आणि छताच्या खोबणीत साचतो. बल्ब, पंखा, स्विच यांतले काहीही त्या खोबणीत नको. परवानगीसाठी दिल्लीच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. स्फोटक आणि पेट्रोलियम सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचे मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. आराखडा पक्का होण्याआधी, कच्च्या रेखाचित्रावरच त्यांच्याशी बसा. मागाहून भिंती सरकवाव्या लागल्या की सहा महिने हातचे जातात.

झडीचा प्रश्न उरतो. जुलै-ऑगस्टमध्ये चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. तीन दिवसांचा ६०० किलो हायड्रोजन ठेवायचा तर चौदाशेवर सिलिंडर लागतील. तेवढी साठवण करूच नका. झडीत संयंत्र बंद ठेवायचे, हे आधीच मान्य करा. औष्णिक संचांचे वार्षिक ओव्हरहॉल तसेही पावसाळ्यात मागणी उतरल्यावर निघते. उत्प्रेरकाची तपासणी, इलेक्ट्रोलायझरचे पडदे आणि सिलिंडरच्या चाचण्या त्याच काळात उरकाव्यात. वर्षाचे ३६५ दिवस चालण्याचा दावा करणारा प्रस्ताव आला, तर तो झडीत कुठली वीज घेणार हे आधी विचारा.

बंद करणे मात्र शास्त्रशुद्ध हवे. मिथेनॉलचा उत्प्रेरक तांबे, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना यांचा असतो, साधारण २२० ते २६० अंशांवर काम करतो. कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल बनताना तेवढेच रेणू पाण्याचे बनतात. कच्च्या मालात वजनाने ६४ भाग मिथेनॉल आणि ३६ भाग पाणी. रिॲक्टर तसाच थंड होऊ दिला, तर साधारण १४० अंशांच्या आसपास हे पाणी गोळ्यांच्या छिद्रांत द्रवरूप होते. पुढच्या सकाळी तापवताना ते उकळते, गोळ्या फुटून भुगा होतो, आणि तांब्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून कामाचे पृष्ठफळ घटते. पहिल्या आठवड्यात काही कळत नाही. तिसऱ्या महिन्यात रिॲक्टरमधला दाबफरक वाढतो, उत्पादन घसरते, आणि दोष मात्र उत्प्रेरकाच्या पुरवठादाराला दिला जातो.

योग्य क्रम असा. आधी कार्बन डायऑक्साइड बंद करा, हायड्रोजन फिरता ठेवा. कंडेन्सरखालच्या भांड्यात द्रव यायचा थांबेपर्यंत, साधारण अर्धा-पाऊण तास, हे चालू द्या. एका रात्रीचाच प्रश्न असेल तर हीटरवर २०० अंश धरून ठेवा. दोन दिवसांहून जास्त थांबायचे असेल तरच नायट्रोजन भरून थंड करा, आणि त्या नायट्रोजनमध्ये ऑक्सिजन १० पीपीएमहून (दहा लाखांत दहा भागांहून) कमी आहे, हे स्वतः मोजा. सिलिंडरवरच्या चिठ्ठीवर विसंबू नका. क्षपण झालेल्या (ऑक्सिजन काढून घेतलेल्या) तांब्याला हवा लागली की ते पेटल्यासारखे तापते. तीनशे अंशांच्या वर एकदा गेलेला थर परत पूर्वीसारखा होत नाही.

रिॲक्टर स्वतःच्या उष्णतेवर गरम राहील, असे काही प्रस्तावांत लिहिलेले असते. अभिक्रिया उष्णता देते हे खरे. पण रोज एक टनाच्या वेगाला ती फक्त १८ किलोवॉट असते, आणि रात्री, मोठ्या रिॲक्टरच्या चाळीस टक्क्यांवर, बाराच्या आसपास. नीट न गुंडाळलेल्या एका फ्लँजमधून (नळीच्या चकतीजोडातून) आणि आधाराच्या पायांतून त्यातला मोठा भाग निघून जातो. मोठ्या कारखान्यातले अनुमान छोट्या संयंत्राला लावताना हीच चूक होते. खनिज लोकरीचे आवरण दुप्पट जाड घ्या आणि व्हॉल्व्हच्या मानाही गुंडाळा.

कच्च्या मिथेनॉलची टाकी मात्र मोठी ठेवा. तीन दिवसांचा माल साडेपाच घनमीटरमध्ये मावतो. म्हणजे ऊर्ध्वपातन रात्री चालवण्याची गरजच उरत नाही, ते भर दुपारी सौर विजेवर करता येते. टाकीवर नायट्रोजनचा थर आणि व्हेंटवर कंडेन्सर हवा. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते, ११ अंशांनाच पेट घेण्याइतकी वाफ देते, आणि नागपुरात मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतात. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. टँकर भरण्याच्या जागी ज्योत ओळखणारी यंत्रणा बसवा, नुसता धूर ओळखणारी नको, कारण मिथेनॉल जळताना धूर येत नाही. शिवाय ते पोटात गेले तर दृष्टी जाते, माणूसही जातो. कुलूप, वही आणि रोजचा ताळमेळ यांत ढिलाई नको.

कार्बन डायऑक्साइडबद्दल आमचे मत कदाचित रुचणार नाही. पहिल्या वर्षी चिमणीचा वायू घेऊच नका. कोराडीचा ६६० मेगावॉटचा एक संच पूर्ण लोडवर तासाला सुमारे सहाशे टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. या संयंत्राची दिवसभराची गरज त्या संचाच्या नऊ सेकंदांत भागते. त्यामुळे प्रदूषण घटवण्याचा दावा इथे करता येत नाही आणि करूही नये. चिमणीच्या वायूत कार्बन डायऑक्साइड १२ ते १४ टक्के, सोबत राख आणि सल्फर डायऑक्साइड. अमाइनच्या (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या रसायनाच्या) द्रावणाने तो पकडायचा, तर सल्फर आधी १० पीपीएमच्या खाली आणावे लागते. नाहीतर अमाइनचे न तुटणारे क्षार बनत जातात आणि द्रावण वाया जाते. तांब्याच्या उत्प्रेरकाला तर ०.१ पीपीएम गंधकही जड होते. हे सगळे शिकण्यासारखे आहे, पण रात्रीचे गणित शिकताना त्याच वेळी नको. एनटीपीसीने मध्य प्रदेशातल्या विंध्याचलला २०२२ मध्ये चिमणीतून रोज २० टन वायू पकडणारे संयंत्र सुरू केले आणि त्यापासून रोज १० टन मिथेनॉलचा प्रकल्प हाती घेतला. तो अनुभव देशात तयार होतो आहे. कोराडीने उरलेल्या प्रश्नाला हात घालावा.

सुरुवातीला धान्यापासून इथेनॉल बनवणाऱ्या आसवनीतला वायू घ्या. किण्वनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पाण्याची वाफ सोडली तर ९९ टक्के शुद्ध असतो, आणि दीड टन इथेनॉलमागे सुमारे तेवढाच मिळतो. तो गेल्या हंगामात पिकानेच हवेतून घेतलेला असल्याने मिथेनॉल जळल्यावर हिशोब खरोखर बरोबरीत सुटतो, कोळशाच्या वायूबाबत तसे होत नाही. उणे २० ते उणे ३० अंशांवर १७ ते २० बारला तो द्रव होतो. सोडा आणि वेल्डिंगवाल्यांना पुरवठा करणाऱ्यांकडे असतात तसली २० टनी टाकी घेतली, की जवळपास दोन आठवड्यांची सोय होते.

निसर्गानेही साठवणीसाठी हाच वायू निवडलेला आहे. कोरफड, निवडुंग, अननस यांची पर्णछिद्रे रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात ठेवतात, आणि दिवसा छिद्रे मिटून उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतात. शाळेत 'अंधार-अभिक्रिया' म्हणून शिकवली जाणारी साखळीदेखील खरे तर अंधारात चालत नाही. तिची विकरे प्रकाशानेच जागी होतात आणि रात्री बंद पडतात. रात्री वायू जमवावा, दिवसा ऊर्जा खर्चावी, ही विभागणी कोट्यवधी वर्षे चाललेली आहे.

प्रत ज्यांना पाठवली आहे, त्या संशोधक मित्रांसाठी आता थोडे सविस्तर. अंधारातही कार्बन डायऑक्साइड क्षपित करणाऱ्या प्रकाश उत्प्रेरकांवर हल्ली बरेच लिहिले जाते. कल्पना सुंदर आहे. टंगस्टन ऑक्साइडवर ऊन पडले की इलेक्ट्रॉन त्याच्या स्फटिकात मुरतात, सोबत प्रोटॉन किंवा सोडियम आयन शिरतात, आणि पिवळी भुकटी डोळ्यांदेखत गडद निळी होते. अंधारात निळा रंग ओसरतो तसे इलेक्ट्रॉन बाहेर येतात. पण त्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा-पातळी हायड्रोजन बनवण्यासाठी लागणाऱ्या पातळीपेक्षाही ०.४ व्होल्टच्या आसपास खाली असते. तळमजल्याच्या टाकीतले पाणी तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला येत नाही, तशीच ही गत. जोडीला दुसरा उत्प्रेरक, बाहेरचा विद्युतदाब किंवा पुन्हा प्रकाश लागतोच. कार्बन नायट्राइडची एक जात याबाबतीत सरस आहे. श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने २०१७ मध्ये दाखवले की प्रकाशात निळी झालेली ही भुकटी काही तास इलेक्ट्रॉन धरून ठेवते आणि अंधारात प्लॅटिनम घातल्यावर हायड्रोजन सोडते. मात्र तिला ऑक्सिजनचा वारा लागता कामा नये, आणि इलेक्ट्रॉन पुरवायला एक अल्कोहोल स्वतःचा बळी देत असते. बळीचा हा पदार्थ रोज टनांनी विकत घ्यायचा, तर इंधन बनवण्याला अर्थ उरत नाही.

शिवाय वजन पाहा. एका ग्रॅममध्ये १०० कूलॉम (विद्युतभाराचे एकक) साठतात असे उदारपणे धरू. एक किलो भुकटीत एक मोलच्या आसपास इलेक्ट्रॉन. मिथेनॉलच्या एका रेणूला सहा इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे किलोभर भुकटीतून रात्रीत साडेपाच ग्रॅम मिथेनॉल, तेही काही वाया गेले नाही तर. आपल्या छोट्या संयंत्राला, ते एकाच गतीने चालले तर, सतरा तासांत सातशे किलो हवे. त्याला सव्वाशे टनांहून जास्त भुकटी लागेल आणि ती रोज उन्हात पसरून रोज गोळा करावी लागेल. अंधारात चमकणाऱ्या स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचे तर नावच नको. स्विचबोर्डावरच्या त्या हिरव्या उजेडात अभिक्रिया होते, पण ती मोजायलाच संवेदनशील उपकरण लागते.

हे संशोधन थांबवा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. साठवण आणि क्षपण एकाच पदार्थात जमले तर पन्नास यंत्रे वाचतील. पण राज्याचा पैसा मागताना चार चाचण्या सक्तीच्या असाव्यात : कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन भरून, उत्प्रेरकाशिवाय, आधी प्रकाश न दाखवता बारा तास अंधारात, आणि कार्बन-१३ चा खुणेचा वायू वापरून. शेवटची सर्वांत महत्त्वाची. मायक्रोमोलमध्ये उत्पादन मोजताना काचेच्या जोडावरचे ग्रीस, उरलेले द्रावक किंवा खुद्द कार्बन नायट्राइडचा कार्बन मिथेनॉल म्हणून हजेरी लावतो. खुणेचा कार्बन मिथेनॉलमध्ये दिसला नाही, तर ते मिथेनॉल आपल्या वायूचे नाही. आणि निकाल ग्रॅममागे मायक्रोमोलमध्येच न देता, साठवलेल्या दर इलेक्ट्रॉनमागे किती उत्पादन आणि किती फेऱ्यांनंतर किती घट, असा द्यावा.

उष्णतेची साठवण आम्ही मुद्दाम बाजूला ठेवतो आहोत. सिनहेलियन या स्विस कंपनीने २०२४ मध्ये जर्मनीतल्या युलिश येथे आरशांनी ऊन एकवटून, उष्णता साठवून रात्रीही चालेल असे सौर इंधनाचे संयंत्र उघडले. अभ्यासावे असे ते आहे. पण आरशांना थेट किरण लागतात. नागपुरात पावसाळ्याचे चार महिने आणि उन्हाळ्यातली धुळकट हवा पाहता पॅनेलच बरे, ते विखुरलेल्या प्रकाशातही काहीतरी देतात.

पॅनेल किती, हे सांगून टाकतो. एक मेगावॉट पॅनेल इथे सरासरी दिवसाला चार ते साडेचार हजार युनिट देते. पावणेतीन मेगावॉट पुरायला हवे, पण साडेतीन घ्या. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांवर जाते, आणि २५ च्या वरच्या दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के उत्पादन घटते. भर उन्हात चौदा टक्के असेच जातात. त्यात राखेचा थर. कोराडीच्या आवारात पॅनेल आठवड्यातून दोनदा धुतले नाहीत, तर कागदावरचे सगळे आकडे फसतील. जागा मेगावॉटमागे चार एकर, म्हणजे चौदा एकर.

पाण्याची चिंता केली जाते, ती या आकाराला फार नाही. इलेक्ट्रोलायझरला रोज दोन घनमीटर डीएम (क्षार काढलेले) पाणी, कूलिंग टॉवरला पाच-सहा घनमीटर. एका टँकरचे काम. भांडेवाडीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीला येतेच, त्यातले काही घनमीटर आरओतून काढून घ्यावेत. क्लोराइड मात्र रोज मोजा. ते डीएम पाण्यात उतरले की इलेक्ट्रोलायझर आतून खराब होतो, आणि बाहेरून पत्ता लागत नाही. कूलिंग टॉवरचा आकार जुलैवर ठरवा, मेवर नको. घरातला कुलर मे महिन्यात जीव थंड करतो आणि पाऊस पडला की नुसती चिकचिक देतो. टॉवरचेही तेच. कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो, दमट हवेत हात टेकतो.

बाहेरच्या देशांचे दाखले देताना एक काळजी घ्यावी. आइसलँडमध्ये २०१२ मध्ये मिथेनॉल प्रकल्प सुरू झाला आणि पुढे त्याची क्षमता वर्षाला चार हजार टनांपर्यंत वाढवली गेली. तिथली वीज जलविद्युत आणि भूऔष्णिक असल्याने रात्र त्यांना अडवत नाही. डेन्मार्कमधल्या कासो येथे २०२५ मध्ये ४२ हजार टनांचा प्रकल्प सुरू झाला, मोठ्या सौर उद्यानाला लागूनच. पण तिथल्या ग्रीडमध्ये पवनऊर्जेचा वाटा फार मोठा आहे. आपल्या ग्रीडमध्ये रात्री कोळसाच असतो. त्यांचे आराखडे आणून जसेच्या तसे इथे उभे केले, तर पहिल्याच वर्षी हरित हायड्रोजनची दोन किलोंची मर्यादा ओलांडली जाईल.

प्रस्ताव मागवाल तेव्हा प्रत्येक बोलीदाराकडून दोन दिवसांचे ९६-९६ ब्लॉकचे तक्ते मागा. एक नवतप्यातल्या दिवसाचा आणि एक झडीतल्या दिवसाचा. प्रत्येक ब्लॉकमध्ये पॅनेलची वीज, इलेक्ट्रोलायझरचे चालू संच, सिलिंडरमधला दाब, रिॲक्टरचे तापमान आणि वायूचा प्रवाह. तो तक्ता तपासायला हवा असल्यास आम्ही विनामोबदला बसायला तयार आहोत.

आपले,
नागपुरातील काही रसायन अभियंते आणि वीजनिर्मिती क्षेत्रातील तंत्रज्ञ